मियाटा ओढायला गाडी घेतली, दोनदा

माझ्या पाकिटात वजनकाट्याची एक चिठ्ठी आहे, घडी घालून घालून आता फाटायला आलीये. तिच्यावर पाच आकडे आहेत, आणि ते पाच आकडे मी गाडी घ्यायच्या आधी काढले असते तर टो गाडी, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, मला एकदाच घ्यावी लागली असती. मी दोनदा घेतली. म्हणून ही पोस्ट, लांबणारे, आधीच सांगतो.

माझी ट्रॅक कार, म्हणजे रेस ट्रॅकवर हौसेने पळवायची गाडी, ती म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ साली आलेलं ते मॉडेल, सगळे मियाटाच म्हणतात. कंपनीतून निघाली तेव्हा एक टनाच्या आत होती. मी आतलं कार्पेट, एसी, रेडिओ सगळं उपटून टाकलं आणि वर रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचवणारा लोखंडी पिंजरा, बसवला, त्यामुळे हलकी केल्याचं समाधान मला मिळालं आणि वजन होतं तिथेच राहिलं, थोडं वाढलंच. पहिली दोन वर्षं हीच गाडी चालवत ट्रॅकवर जायचो, तिथे दिवसभर तिला पिळायची आणि तिच्यातूनच घरी यायचं. पावसात सेमी-स्लिक टायरवर, म्हणजे ट्रॅकसाठीच्या अगदी कमी खाचांच्या टायरवर, हायवेने परतताना जे वाटतं ते वाटलं, मग एकदा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गेला आणि क्लच न वापरता गिअर टाकत घरी आलो, त्या रात्री ट्रेलर घ्यायचं ठरलं.

ट्रेलर सोपा होता. दोन अ‍ॅक्सलचा, लोखंडी, उघडा. खरी गंमत ओढणाऱ्या गाडीची. घरात एकच गाडी असणार, रोज तीच वापरायची, म्हणून एक मध्यम आकाराची एसयूव्ही घेतली. ब्रोशरमध्ये टो रेटिंग, म्हणजे मागे जास्तीत जास्त किती ओढता येतं तो आकडा, २००० किलो. मी कागदावर गणित केलं, मियाटा ९५० धरली, ट्रेलरच्या प्लेटवर ७८० लिहिलेलं, झाले १७३०, अजून २७० शिल्लक, मस्त. हे गणित करताना मला जो आत्मविश्वास होता तो आठवला की अजून लाज वाटते.

पहिल्यांदा मियाटा ट्रेलरवर चढवून हूक लावला तर एसयूव्ही मागून बसली. म्हणजे अक्षरशः बसली, हेडलाइट आभाळाकडे. वाईट दिसत होतं. मग मी काय केलं, तर मियाटा ट्रेलरवर जरा मागे घेतली. एसयूव्हीची शेपटी वर आली. अजून मागे घेतली, अजून वर आली. अडीच वीत मागे सरकवल्यावर गाडी आणि ट्रेलर एका रेषेत, अगदी कॅटलॉगमधल्या फोटोसारखे, आणि मी चार पट्टे आवळून, लांब उभा राहून फोटो काढला. त्या फोटोत जे काही चुकीचं असू शकतं ते सगळं आहे, पण तेव्हा दिसलं नाही.

सपाट रस्त्यावर काही झालं नाही. मग एक लांब उतार आला, मी ९५ च्या आसपास होतो, शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या हवेने ट्रेलर थोडा ढकलला गेला आणि सरळ व्हायच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला गेला, मग परत इकडे, आणि प्रत्येक वेळेला आधीपेक्षा जास्त. आरशात मियाटा डावीकडे दिसायची, नाहीशी व्हायची, उजवीकडे दिसायची. स्टीअरिंग हातात होतं पण गाडी माझं ऐकत नव्हती, ट्रेलरचं ऐकत होती. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते त्या दहा सेकंदांत कळलं. शेजारी बसलेला मित्र ओरडला "ब्रेक मार!" आणि मी मारला नाही, ते शहाणपणाने नाही हो, पाय गोठला होता म्हणून. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय निघाला, स्टीअरिंग सरळ धरून बसलो, ७० च्या खाली आल्यावर डुलणं आपोआप विरलं. नंतर वाचलं की हेच करायचं असतं. ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक जोरात दाबले की ट्रेलर मागून ढकलतो आणि कात्रीसारखी घडी होते, आणि डुलणं मोडायला उलटं-सुलटं स्टीअरिंग फिरवलं की माणूस नेहमी अर्धा सेकंद उशिरा फिरवतो आणि ते अजून वाढतं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि आत हाताने चालवायचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे, तो मागून खेचला जातो आणि सरळ होतो. माझ्याकडे तेव्हा तो नव्हता.

परत येताना ६० ने आलो, आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर गेलो.

पहिला आकडा, ट्रेलर मियाटासकट, हूक सोडून: १९३०. माझ्या कागदावर १७३० होता. दोनशे किलो कुठून आले? मियाटा केजसकट १०२० निघाली. ट्रेलरच्या प्लेटवरचं ७८० हे नुसत्या सांगाड्याचं होतं, त्यावर विंच, रॅम्प, स्टेपनी, टूलबॉक्स हे सगळं नंतर बसवलेलं. आणि पुढच्या रॅकमध्ये चार जास्तीचे टायर रिमसकट. प्रत्येक गोष्ट थोडीथोडी, कुणालाच दोष देता येत नाही. तरीपण २००० च्या आत होतो, म्हटलं बघा, बसतंय.

दुसरा आकडा, ट्रेलर हूकला लावून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर: १८७०. या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे हूकच्या बॉलवर, ज्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक बसतं त्याच्यावर, येणारं वजन. ६० किलो. १९३० च्या मानाने ३ टक्के. अमेरिकेत साधारण १० ते १५ टक्के धरतात, युरोपात ४ ते ७ चालवून घेतात कारण तिथे ट्रेलरच्या वेगावर मर्यादा कमी असतात आणि हूकच्या मर्यादाही कमी असतात, पण ३ टक्के कुठल्याच हिशोबात बसत नाही. ट्रेलरचा गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे हवा, पुरेसा पुढे. तो जितका मागे जाईल तितका ट्रेलर डुलायला मोकळा. मी तो माझ्या हाताने अडीच वीत मागे नेला होता, का, तर गाडी सरळ दिसावी म्हणून. अंदाज सांगतो, माझ्या ट्रेलरवर मियाटा २० सेंटीमीटर मागे गेली की बॉलवरचं वजन ५० किलोच्या आसपास कमी होतं. एवढं नाजूक असतं ते.

तिसरा आकडा, एसयूव्ही, हूक लावलेला, आत आम्ही दोघं आणि डिकीत सामान: २०२५. दारातल्या स्टिकरवर कमाल २०८०. आत आहोत.

मग तिथेच मियाटा पुन्हा पुढे घेतली, जिथे पहिल्यांदा होती तिथे, आणि परत तोललं. ट्रेलरची चाकं १७३०, म्हणजे बॉलवर २००, १० टक्क्यांच्या किंचित वर, एकदम बरोबर. एसयूव्ही २१६५. मर्यादेच्या ८५ किलो वर.

मी चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभा होतो. काट्यावरचा माणूस म्हणाला, "अहो साहेब, पुढची गाडी थांबलीये." बाजूला घेतली आणि तिथे बसून पुन्हा हिशोब केला, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. मियाटा मागे घेतली की एसयूव्ही मर्यादेत पण ट्रेलर डुलणार, पुढे घेतली की ट्रेलर शहाणा पण एसयूव्ही ओव्हरलोड. इकडे आड तिकडे विहीर. त्या ट्रेलरवर मियाटा बरोबर उभी राहील अशी जागाच नव्हती! ब्रोशरमधले २००० किलो खोटे नव्हते, फक्त ते २००० ओढताना गाडीत बाकी काय काय बसणारे हे त्यांनी आणि मी वेगवेगळं धरलं होतं.

पेलोड हा शब्द मी तोपर्यंत ट्रकवाल्यांचा समजायचो. गाडीच्या रिकाम्या वजनावर अजून किती किलो लादता येतात तो आकडा, आणि त्यात माणसं येतात, डिकीतलं सामान येतं, हूकचं लोखंड येतं आणि बॉलवरचं वजनसुद्धा येतं. हा शेवटचा भाग लोक विसरतात. माझ्या एसयूव्हीचा पेलोड ४३०. आम्ही दोघं १६५ (हेल्मेट, बूट वगैरे धरून, आम्ही काही पैलवान नाही), डिकीत जॅक, टूल, पेट्रोलचे कॅन, तंबू, खुर्च्या मिळून १३०, हूक २०, बॉल २००. झाले ५१५. टो रेटिंग संपायच्या आधी पेलोड संपतो, आणि मी जेवढ्या जणांना आतापर्यंत काट्यावर पाठवलंय त्यातल्या बहुतेकांचं हेच निघालंय.

वर आणि तरफेचं गणित आहे. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असतो, माझ्या एसयूव्हीत सव्वा मीटरला थोडा कमी, १.२ म्हणा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.६ मीटर. बॉलवर २०० किलो ठेवले की पुढच्या चाकांवरून ९० किलोच्या वर उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर २०० ऐवजी २९० पडतात. म्हणून शेपटी बसते, म्हणून स्टीअरिंग हलकं होतं, आणि पुढची चाकं हलकी म्हणजे ब्रेकही हलके कारण ब्रेकिंगचं मोठं काम पुढची चाकंच करतात. हेच २०० किलो ३.२ मीटर व्हीलबेसच्या गाडीला लावले तर पुढून ७५ जातात. शिवाय अशी गाडी मुळात जड असते त्यामुळे तिला ते कळतही नाही.

वजन वाटून देणारा हिच मिळतो, स्प्रिंगचे दोन दांडे असलेला, तो मागच्या अ‍ॅक्सलवरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो. चांगली गोष्ट आहे. पण त्याने पेलोडची मर्यादा वाढत नाही, आणि माझ्या एसयूव्हीच्या मॅन्युअलमध्ये तो वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं. मागच्या सस्पेन्शनला हवेच्या पिशव्या (एअर बॅग) टाकून शेपटी उचलायची आयडिया दोन जणांनी दिली. शेपटी उचलेल, पण मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन तेवढंच राहील. परत फोटो चांगला येईल एवढंच.

तर एसयूव्ही विकायची ठरली. आता दुसरी.

इथे माझा एक मित्र आहे त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे, तोच जो ब्रेक मार ओरडला होता. त्याचं सगळं जगणं हॉर्सपॉवरमध्ये चालतं. त्याने मला रोज एक लिंक पाठवायला सुरुवात केली, ४०० हॉर्सपॉवर, ४५० हॉर्सपॉवर, एकदा तर एक अशी की जिची ट्रॅकवर मियाटाशी शर्यत लावली असती तर मियाटा हरली असती. शेवटी मी त्याला कागद काढून दाखवला. गाडी आणि ट्रेलर मिळून ४ टन धरा. ६ टक्के चढ ८० च्या वेगाने चढायला नुसतं वजन वर न्यायला लागतात साधारण ५२ किलोवॅट, म्हणजे ७० हॉर्सपॉवर. हवा आणि टायरचा अडथळा धरून शंभरच्या आसपास जाऊ. एवढंच. दीडशे-पावणेदोनशे हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल, जे कमी आरपीएमला टॉर्क देतं, ते हे काम न रडता करतं. टर्बोचा दुसरा फायदा उंचीवर, साध्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्याने उतरते, टर्बो ते बरंचसं भरून काढतो. तो म्हणाला, "पण ओव्हरटेक?" म्हटलं बाबा रे, मागे दोन टन असताना तुला कुणाला ओव्हरटेक करायचंय.

खरं तर चढावर अडचण ताकदीची कमी आणि उष्णतेची जास्त असते. अमेरिकेत एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं एक स्टँडर्ड आहे, टो रेटिंग कसं काढायचं त्याचं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा छापायची आणि दरवर्षी शेजाऱ्यापेक्षा शंभर किलो जास्त. टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपसाठी सगळ्यात आधी हे स्टँडर्ड घेतलं आणि बाकीचे नंतर हळूहळू आले. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ आहे, १८ किलोमीटरचा, तो भर उन्हाळ्यात, एसी फुल ठेवून, ट्रेलर मागे लावून चढायचा आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. एसी फुल ठेवून हे मला फार आवडतं, कारण खऱ्या आयुष्यात तसंच होतं. इंजिन गरम, गिअरबॉक्सचं तेल गरम, त्यात एसीच्या कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवर. म्हणून ऑटोमॅटिक घेताय तर गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर आहे का ते बघा, हे मी इंजिनच्या आधी विचारतो आता. पण त्या स्टँडर्डमध्येही गाडीत ड्रायव्हर आणि एक माणूस, प्रत्येकी ६८ किलो, असंच धरलंय. जॅक, टूल, पेट्रोलचे कॅन, तंबू यांचा हिशोब आपला आपण करायचा.

उतार चढापेक्षा वाईट. तेच ४ टन ६०० मीटर खाली उतरवायचे म्हणजे सुमारे २ कोटी ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्यात साध्या तापमानाचं ७० लिटर पाणी उकळीला येईल. काही हवा खाते, काही टायर खातात, उरलेलं इंजिनने धरून ठेवलं नाही तर सगळं ब्रेक डिस्कमध्ये. टो मोड असलेली गाडी उतारावर आपणहून खालचा गिअर पकडून ठेवते, ते एकदा अनुभवलं की त्याशिवायची गाडी नको वाटते. आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चालू हवेत, हे सांगायला नको पण सांगतो, कारण जुने ट्रेलर विकत घेताना ब्रेक "आहेत" असं सांगितलं जातं, चालतात का ते कुणी सांगत नाही. आणि हूक निसटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जी ब्रेकअवे केबल असते ती सेफ्टी चेनला गुंडाळून ठेवलेली मी कमीत कमी तीन वेळा बघितलीये. ती गाडीला अडकवायची असते.

मग प्रकार कुठला, हे. मोठ्या चेसिसवाल्या एसयूव्ही बघितल्या, लँड क्रूझरच्या जातीतल्या, त्यांचं रेटिंग ३५०० किलोपर्यंत जातं, रोजच्या वापरालाही उत्तम, पण पेट्रोलचे कॅन आणि तेलकट जॅक माणसांच्या बरोबर एकाच केबिनमध्ये, तो वास दोन तास सहन करून बघा. लांब व्हॅन बघितली आणि प्रेमातच पडलो होतो, व्हीलबेस भरपूर, आत झोपता येतं, पावसात आत बसून टायर बदलता येत नाहीत पण विचार तरी करता येतो. तिच्यात अडलं ते पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवर. बॉलवरचं वजन पुढची चाकं हलकी करतं आणि ओढायचं काम त्याच चाकांनी करायचं, ट्रॅकच्या ओल्या गवतावरच्या पॅडॉकमधून, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेतून, ट्रेलर बाहेर काढताना ती जागेवर चाकं फिरवत बसणार. मागच्या चाकांची व्हॅन मिळाली असती तर कदाचित आज ही पोस्ट वेगळी असती.

इलेक्ट्रिकचं विचारतात बरेच जण. टॉर्कच्या बाबतीत काही बोलायलाच नको, आणि उतारावर रीजनने, म्हणजे मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्याने, ब्रेक जवळजवळ गार राहतात, वर म्हटलं ते ७० लिटर पाणी चक्क बॅटरीत परत जातं काही प्रमाणात. रिव्हियन आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपचं रेटिंग ४९९० किलो आहे, म्हणजे ताकद हा प्रश्नच नाही. पण ट्रेलर लावला की रेंज साधारण निम्मी होते, आणि चार्जरच्या जागा बहुतेक ठिकाणी अशा बांधल्यात की गाडी उलटी लावायची, ट्रेलर सोडल्याशिवाय चार्जच करता येत नाही. मियाटा भरलेला ट्रेलर अनोळखी पार्किंगमध्ये सोडून चार्जिंगला जायचं? ट्रॅक जवळ असेल, एका चार्जमध्ये जाऊन येऊन होत असेल, तर घ्या की. माझा नाही.

शेवटी पिकअपवर आलो. आणि इथे एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरिअंटचा पेलोड वेगळा असतो आणि जितकं महागडं व्हेरिअंट तितका तो कमी. सनरूफ, मोठी अलॉय, इलेक्ट्रिक सीट, चार दारांची केबिन, फोर बाय फोर, प्रत्येक गोष्टीचं वजन पेलोडमधून कापलं जातं. ब्रोशरमधला सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात नागड्या व्हेरिअंटचा असतो, जे शोरूमला उभंच नसतं. म्हणून वेबसाइट बंद करा आणि जी गाडी घ्यायचीये तिच्याच दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. मी एका ठिकाणी शेजारी शेजारी उभ्या दोन पिकअप बघितल्या, तेच इंजिन, तोच रंग, आणि पेलोडमध्ये १४० किलोचा फरक. सेल्समनला विचारलं तर तो म्हणाला "सर, टोइंग दोन्हीचं सेम आहे." आहे खरं.

घेतली ती जुनी डिझेल पिकअप, व्हीलबेस ३.२ मीटर, पेलोड ९५०, रेटिंग ३५००. माझं ५१५ किलोचं गाठोडं त्यात टाकून अजून ४३५ उरतात. बघताना मी मेकॅनिकला घेऊन गेलो होतो आणि त्याने इंजिनकडे शेवटी बघितलं. आधी गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेतला, जळकट नव्हता. मग खाली झोपून हूकचे बोल्ट आणि चेसिसला ते जिथे धरलेत तिथली भोकं, लांबुळकी झालीत का, तडा आहे का. मागचे पाटे सपाट झालेत का. ट्रेलरच्या वायरिंगचा सॉकेट, ज्यात आधीच्या मालकाने टेप गुंडाळून काहीतरी महान काम केलं होतं, तो बदलायचा म्हणून ठरलं. मग मी विकणाऱ्याला म्हटलं की ट्रेलर लावून चालवून बघायचीये. तो जरा बघतच राहिला, पण हो म्हणाला. तो हो म्हणाला म्हणूनच घेतली असं म्हटलं तरी चालेल, कारण रिकामी गाडी चालवून टो गाडीबद्दल काहीच कळत नाही, उलट रिकामी पिकअप मागून इतकी उडते की वाटतं ही नकोच. ट्रेलर लावल्यावर तीच गाडी शांत झाली. मागे सीटवर आजी बसल्यासारखी चालायला लागली. उतार, ९० चा वेग, शेजारून ट्रक गेला, मी स्टीअरिंग घट्ट धरून वाट बघतोय, आणि काही नाही. ट्रेलर थोडा हलला आणि आपल्या जागी आला. मित्र शेजारी होता, तो काहीच ओरडला नाही, फोन बघत होता.

तोटे आहेत. रोज वापरायला ती मूर्खपणाची गाडी आहे, पार्किंगमध्ये नाक बाहेर राहतं, यू टर्न तीन तुकड्यांत होतो, बायको तिला "जहाज" म्हणते आणि स्वतः चालवत नाही. लिटरला ११ देणारी गाडी ट्रेलर लावला की ७ देते. उघड्या ट्रेलरवर ७, बंद ट्रेलर घेतला तर त्याची ती उभी भिंत हवेला ढकलत न्यायची, अजून खाली जाईल, आणि बंद ट्रेलरचं वजनही जवळजवळ दुप्पट, म्हणजे परत सगळं गणित पहिल्यापासून. तो मोह मी सध्या टाळलाय. वेगाचं म्हणाल तर ८५-९० च्या वर जातच नाही आता, १०० आणि ८० मध्ये फरक २० चा वाटतो पण थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त असते, आणि ट्रेलरच्या टायरना त्यांची स्वतःची वेगमर्यादा असते जी टायरच्या बाजूवर असते आणि कुणी वाचत नाही. त्यांची तारीखही वाचा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात.

ट्रेलरच्या फळीवर आता पिवळ्या टेपची रेघ आहे, मियाटाचं पुढचं चाक बरोबर तिथे थांबलं की बॉलवर २००. पाच-दहा किलो इकडे तिकडे. या पिकअपवर अजून थोडं पुढे घेता येईल पण मी रेघ हलवली नाही. तिच्या अडीच वीत मागे जुन्या टेपचा गोंद अजून चिकटलेला आहे, तो खरवडायचा राहिलाय.

मित्र आता बीएमडब्ल्यूची एक जुनी ई४६ एम३ बघतोय, अर्ध्या-अर्ध्यात घेऊ म्हणतोय, मियाटा विकून. मी त्याला पाकिटातली चिठ्ठी दाखवली. एम३ दीड टनाच्या वर, ट्रेलरची स्वतःची एकूण मर्यादा २००० ची आहे, गाडी आणि ट्रेलर मिळूनच तेवीसशेच्या वर जातंय, टायर आणि टूलबॉक्स तर अजून मोजलेच नाहीत. पिकअप ओढेल, ट्रेलर नाही पेलणार. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, गप्प बसला. रात्री साडेअकराला मेसेज आला, "ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा तीन टनी घेतला तर?" आणि खाली लिंक.